कंटेनर वाहण्यासाठी लोकलसारखी ईएमयू गाडी का बनवत नाहीत?

वंदे भारत किंवा मुंबईच्या लोकलप्रमाणे गाडीतच मोटारी असलेली, वेगळे इंजिन न लागणारी, म्हणजेच ईएमयू प्रकारची, मालगाडी कोणी का बनवत नाही, असे आपण विचारले आहे. अशी गाडी बनली आहे. जपानमधील जेआर फ्रेट या रेल्वे मालवाहतूक कंपनीची एम250 मालिका, म्हणजेच ‘सुपर रेल कार्गो’, मार्च 2004 पासून टोकियो आणि ओसाका यांच्या दरम्यान धावते. या गाडीबद्दल मला फार आदर आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सोळा डब्यांच्या या गाडीत दोन्ही टोकांना दोन-दोन मोटार-डबे आहेत आणि मध्ये मोटारी नसलेल्या बारा सपाट वाघिणी आहेत. मोटार-डब्यावर एक आणि वाघिणीवर दोन, असे 31 फुटी 28 कंटेनर तिच्यावर बसतात. असा एक कंटेनर साधारण दहा टनी ट्रकच्या हौद्याएवढा असतो. सुमारे 550 किलोमीटरचे अंतर ती सव्वासहा तासांच्या आत कापते. रात्री अकराच्या सुमारास निघून पहाटे साडेपाचच्या आत पोहोचणे हेच तिच्या जन्माचे कारण, कारण सागावा एक्सप्रेस या कुरियर कंपनीला आदल्या दिवशी गोळा केलेली पार्सले सकाळी वाटपाला हवी असतात आणि त्यासाठी तिने पूर्ण गाडीच ठेक्याने घेतली आहे. तिथल्या इंजिनाच्या कंटेनर गाड्यांचा कमाल वेग ताशी 110 किलोमीटर आहे, तर हिचा 130. एका जड इंजिनाऐवजी ओढण्याचे काम सोळा मोटारींत वाटल्यामुळे रुळांवर एकाच जागी भार येत नाही आणि गाडी लवकर वेग घेते.

मग इतरत्र ती का पसरली नाही? माझ्या मते, मालवाहतुकीत इंजिन सुटे असणे हीच मोठी सोय आहे. ते बिघडले तर दुसरे जोडता येते, माल कमी असेल तर वाघिणी कमी करता येतात, आणि क्रेनने वरून कंटेनर उचलता यावेत म्हणून ज्या साइडिंगवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळांवर, ओव्हरहेड तार घातलेली नसते, तिथे डिझेल इंजिन रेक, म्हणजे जोडलेल्या वाघिणींची रांग, सहज आत ढकलते. ईएमयूचा संच मात्र बांधील असतो आणि रोज भरलेला नसेल तर मोटारींवरचा खर्च निघत नाही. म्हणूनच जपानमध्येही ती त्या एका मार्गापुरतीच राहिली.

जेएनपीएहून, म्हणजे न्हावाशेवा बंदरातून, निघणारी 45 वाघिणींची गाडी 20 फुटी 90 कंटेनर नेते. तिथे इंजिनाला पर्याय नाही. मात्र कसारा घाटातील 1:37 चा चढ वंदे भारत मागून बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, न लावता चढते, त्यामुळे मुंबई–नाशिकसारख्या मार्गावर घाईच्या मालासाठी आखूड संचाचा विचार अवश्य व्हावा, असे मला मनापासून वाटते.