विमान कंपनीतील पर्यावरणाचे काम म्हणजे इंधनाचा हिशेब

सांगलीहून पत्र लिहिणाऱ्या पालकांस,
सप्रेम नमस्कार.

आपली कन्या मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असून विमान कंपनीच्या पर्यावरण विभागात काम करता यावे म्हणून पदवीनंतर पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी असे तिला वाटते, तर हा विभाग केवळ शोभेचा असेल अशी आपल्याला शंका आहे. शंका रास्त आहे. वृक्षारोपणाची छायाचित्रे छापण्यापुरते उरलेले विभाग सर्वच उद्योगांत आढळतात. विमान कंपन्यांना मात्र आता तेवढ्यावर भागवता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१६ साली ‘कोर्सिया’ ही योजना स्वीकारली. जगातील आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन २०१९ च्या ८५ टक्के पातळीच्या वर गेले, तर त्या वाढीतील आपल्या वाट्याची भरपाई कंपन्यांनी कार्बन क्रेडिट (इतरत्र घटवलेल्या उत्सर्जनाची प्रमाणपत्रे) विकत घेऊन करावी, असा तिचा गाभा आहे. भारत या योजनेच्या सुरुवातीच्या ऐच्छिक टप्प्यांपासून दूर राहिला, पण २०२७ पासून आपल्या कंपन्यांवरही हे बंधन येत आहे. एक किलो विमान इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. म्हणजे उत्सर्जनाचा अहवाल हा मुळात इंधनाचा हिशेब असतो आणि तो त्रयस्थ पडताळणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो.

इंधन वाचवण्याचे मार्ग दिसायला किरकोळ आहेत. धावपट्टीकडे जाताना एकच इंजिन चालवणे, उभ्या विमानाला जमिनीवरून वीज देणे, इंजिन वेळेवर धुणे, टप्प्याटप्प्याने न उतरता सलग उतरणे, हे सारे रोजच्या शेकडो उड्डाणांना लागू झाले की खर्च आणि उत्सर्जन दोन्ही एकदमच घटतात. यांपैकी कोणता उपाय किती उपयोगी पडला, हे उड्डाणांच्या नोंदींतून सिद्ध करणारी व्यक्ती कंपनीला हवी असते, आणि त्यासाठी थर्मोडायनॅमिक्स, गॅस टर्बाइन व सांख्यिकी यांची जाण लागते.

दुसरा मार्ग शाश्वत विमान इंधनाचा, म्हणजे खनिज तेलाऐवजी वनस्पतिजन्य पदार्थ, टाकाऊ तेल अशा कच्च्या मालापासून बनवलेल्या इंधनाचा. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात देशी बनावटीचे असे इंधन मिसळलेले होते आणि त्यात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचा सहभाग होता. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के मिश्रण सक्तीचे केले असून २०३० साठी ६ टक्क्यांचे बंधन आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० मध्ये ५ टक्के असे सूचक लक्ष्य ठेवले आहे. हे इंधन जळतानाही कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच सोडते. लाभ मोजायचा तो कच्च्या मालापासून ज्वलनापर्यंतच्या संपूर्ण साखळीत, त्यामुळे इथेही हिशेबच महत्त्वाचा.

म्हणून तिने शाखा बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मेकॅनिकलची पदवी पूर्ण करावी, अंतिम वर्षाचा प्रकल्प इंधन-कार्यक्षमतेवर घ्यावा, आणि नोंदींचे विश्लेषण करण्यासाठी पायथॉन व एसक्यूएल या संगणकीय भाषा शिकून घ्याव्यात. इंधननिर्मितीकडेच ओढा असेल, तर माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची पात्रता तपासावी. आयएसओ १४०६४ या हरितगृह वायूंच्या मोजणी व पडताळणीच्या मानकाचे प्रशिक्षण पडताळणी संस्थांत उपयोगी पडते, परंतु ते पदवीनंतर करावे.

एक गोष्ट आपल्यापासून लपवत नाही: या विभागांत माणसे थोडीच असतात. त्यामुळे नोकरी शोधताना ‘पर्यावरण’ या शब्दापेक्षा ‘फ्यूएल एफिशियन्सी’ आणि ‘फ्लाइट ऑपरेशन्स’ या नावांखालील जागा तिने आधी पाहाव्यात.

आपला,
करिअर समुपदेशक