सगळे टॅन, सगळे पाटील

प्रिय ईरा,

काल जेवताना तू विचारलंस, "माझ्या वर्गात चार टॅन आहेत, पण कोणीच कोणाचं चुलत भावंड नाही. मग मंडळाच्या गणपतीला येतात ते सगळे पाटील आपले कोण?" बाबांनी हसण्यावारी नेलं, म्हणून मी लिहिते.

आधी टॅन. सिंगापूरच्या चिनी लोकांत सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव हेच. अक्षर एकच, पण होक्कियन बोली बोलणारे चिनी लोक त्याला टॅन म्हणतात, कँटोनीज बोलणारे चॅन, मँडरिनमध्ये चेन आणि व्हिएतनाममध्ये त्रान. त्यामुळे २०२२ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक घेणारा अमेरिकेचा नेथन चेन आणि भूमितीतले मोठे गणिती शिंग-शेन चर्न हे दोघं आडनावाने टॅनच. जॅकी चॅनची तर आणखी गंमत. जन्मापासून तो चॅन, पण त्याच्या वडलांचं मूळ आडनाव फांग!

या सगळ्यांत माझे आवडते म्हणजे 'टॅन का की' (Tan Kah Kee) नावाचे उद्योजक. हो, मेट्रोच्या निळ्या लाइनवरच्या स्टेशनला नाव आहे ते. सोळाव्या वर्षी चीनच्या फुजियान प्रांतातून इथे सिंगापूरला आले, अननस डबाबंद करण्याच्या आणि रबराच्या धंद्यात गडगंज झाले आणि पैसा शाळांवर ओतला. स्टेशनाशेजारची ती मोठी शाळा आहे ना, तिची सुरुवात त्यांनी १९१९ साली केली. दोन वर्षांनी फुजियानमधल्याच श्यामेन शहरात विद्यापीठ काढलं. पुढे मंदीत कंपनी बुडाली, १९३४ ला बंद करावी लागली, तरी विद्यापीठाचा खर्च त्यांनी सोडला नाही.

आणि त्याच १९१९ साली कराडजवळच्या काले गावी एका पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्याकडे रबराचे मळे नव्हते. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटाला घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही.

ते आपले नातेवाईक? छे! भाऊराव जैन घरातले. स्मिता पाटील, प्रतिभाताई पाटील, यांच्याशीही आपलं काही नातं नाही. पाटील हा गावचा मुख्य. जितकी गावं तितक्या पाटीलक्या, आणि त्या वेगवेगळ्या जातींत होत्या. आपलं मूळ आडनाव जाधव. खापरपणजोबांच्या आधी कधीतरी घरात पाटीलकी आली आणि कागदोपत्री तेच चिकटलं. आजी अजून कुळाचं नाव सांगताना जाधवच म्हणते. म्हणजे जॅकी चॅनसारखंच आपलंही आडनावाखाली दुसरं आडनाव आहे.

चिनी लोकांच्या जुन्या रीतीत एका आडनावात लग्न चालत नसे, कारण एक आडनाव म्हणजे एकच पूर्वज असं धरलेलं. आपल्याकडे पाटलाची मुलगी पाटलाला बिनदिक्कत देतात, पण त्याआधी कूळ आणि देवक विचारतात. माझ्या मावशीचं सासर आणि माहेर दोन्ही पाटील. आडनाव बदलायची कटकटच नाही. मधलं नाव तेवढं वडलांचं जाऊन नवऱ्याचं आलं.

मंडळातले मिरजेचे पाटीलकाका आपले कोणी नाहीत, काका मात्र म्हणायचंच. आणि वर्गातल्या चौघांना आडनाव चिनीत लिहायला सांग. इंग्रजीत टॅन लिहिलं जाणारं आणखी एक निराळंच आडनाव आहे, कदाचित एखादा त्यातला निघेल. काय निघालं ते सांग.

तुझी,
आई