बरणीतला खंडोबाचा किडा

"मुलगा किडे पाळतो. काही बिघडलंय का हो त्याचं?" बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेल्या एका आईचा हा पहिलाच प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा १२ वर्षांचा. त्याने कॉफीच्या बरणीत खंडोबाचा किडा, म्हणजे मँटिस, ठेवला होता. तो मेला आणि मुलाने आईशी अबोला धरला, कारण आदल्या दिवशी तिने झुरळांचा स्प्रे मारला होता. आजींचं म्हणणं वेगळं: "मुका जीव कोंडला, पाप लागणारच."

अशा वेळी आम्ही समुपदेशक आधी बघतो, मूल किड्याशी कसं वागतं. पाय तोडणं, जाळणं, तडफड बघत बसणं असं वारंवार होत असेल, तर उशीर न करता मदत घ्यावी. या मुलाच्या वहीत मात्र प्रत्येक कातीची तारीख होती. शाळा, झोप, मित्र सगळं जागेवर होतं. बिघडलेलं काहीच नव्हतं. त्याला दुःख झालं होतं, आणि घरात त्यावर एकच उत्तर मिळालं होतं: "एवढ्याशा किड्यासाठी रडतोस?"

वहीतच खरं कारण सापडलं. शेवटचे ३ दिवस "खात नाही" अशी नोंद. कात टाकण्याआधी मँटिस खाणं सोडतो. मग उलटा लटकून जुन्या कातीतून खाली सरकत बाहेर येतो. त्यासाठी वर पकडायला खरखरीत जागा लागते आणि खाली मोकळी उंची. किडा ५ सेंमीचा, बरणी जेमतेम १० सेंमीची, झाकण गुळगुळीत प्लास्टिकचं. तो अर्ध्या कातीत खाली पडला होता, पाय वाकडे झाले होते. स्प्रेनेही मँटिस मरतो, पण इथे खुणा कातीच्या होत्या. मुलाने त्या ओळी आईला स्वतः वाचून दाखवल्या. अबोला तिथेच सुटला.

मग घरातल्या घरात करार झाला. डबा किड्याच्या तिप्पट उंच, वर जाळीचं झाकण, आत काटक्या. एका डब्यात एकच, कारण दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो. संध्याकाळी पाण्याचा हलका फवारा. हवा फार कोरडी झाली तर कात अडकते. खाद्य जिवंत माश्या, त्याच्या निम्म्या आकाराहून लहान. खाणं सोडलं की उरलेल्या माश्या बाहेर काढायच्या आणि डबा हलवायचा नाही. त्या खोलीत स्प्रे बंद. मँटिस काही महिनेच जगतो, हे मुलाला आधीच स्पष्ट सांगायचं. परदेशी किडे विकत आणायचे नाहीत. रानातून फुलपाखरं-भुंगेरेही उचलायचे नाहीत, कारण त्यातले काही १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

आजींचा आक्षेप आम्ही खोडला नाही. त्यांच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराची अळी होती, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी. ती पाळायला त्या तयार झाल्या. पाला रोज ताजा आणि कुंडीतलाच. बाजारच्या पाल्यावरच्या औषधाने अळी मरते. विष्ठा रोज काढायची, नाहीतर बुरशी धरते. कोष होण्यासाठी उभी काडी, म्हणजे बाहेर आल्यावर पंख पसरायला जागा मिळते. कोष झाल्यावर उन्हाळ्यात ८-१० दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं, थंडीत जास्त लागतात. पंख सुकले की त्याच दिवशी सोडायचं, ही अट आजींची. मुलाने ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.