मृगाचे वाहन आणि मृगाची ओल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मृग नक्षत्राच्या वाहनावरून, म्हणजे पंचांगात ज्या प्राण्यावरून त्या नक्षत्रातल्या पावसाचे भाकीत करतात त्यावरून, आजोबांशी तुझा वाद झाला आणि 'हे सगळे थोतांड आहे' असे म्हणून तू उठून गेलास, हे वाचून वाईट वाटले. कारण त्या 'सगळे' या शब्दात तू अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यास.

वाहनाचे गणित करून पाहा. सूर्य नवे नक्षत्र घेतो त्या दिवशी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला 9 ने भागायचे आणि बाकीवरून बेडूक, कोल्हा, हत्ती असे वाहन ठरवायचे. या रीतीत वारा, ढग, समुद्र यांचा कोठेही संबंध येत नाही. शिवाय वाहन सर्वांना एकच. आणि आपल्या एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. वाहनाला आधार नाही, हे सांगताना कचरू नकोस.

नक्षत्राची गोष्ट निराळी. सूर्य 7-8 जूनच्या सुमारास मृगात जातो आणि मोसमी पाऊसही साधारण त्याच दिवसांत कोकणात पोहोचतो. छापील दिनदर्शिका नसलेल्या लोकांनी हा मेळ पाहून ठेवला, आणि ते खरे निरीक्षण आहे. मात्र हा मेळ कायमचा नाही: संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरत असल्यामुळे, नक्षत्रांवर मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे 20 मिनिटांनी मोठे असते, त्यामुळे साधारण 72 वर्षांत एक दिवसाचे अंतर पडते, आणि पंधराशे वर्षांपूर्वी ऋतूंच्या हिशेबाने मृग तीन आठवडे आधी लागत असे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आजोबांचा मृगाचा किडा. हा तांबडा, मखमली जीव आठ पायांचा, म्हणजे कोळ्याच्या नात्यातला. जमीन भिजली की तो वर येतो. 'किडा दिसल्याशिवाय तिफण काढायची नाही' असे ते म्हणतात तेव्हा ते मातीची ओल वाचत असतात, आणि कृषी विभागही 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असेच सांगतो. फरक इतकाच, की एखाद्या चांगल्या सरीनेही किडा बाहेर येऊ शकतो, खालची माती कोरडी राहते आणि दुबार पेरणी गळ्यात पडते.

म्हणून यंदा आजोबांची क्षमा माग, त्यांच्यासोबत बांधावर जा, किडा दिसेल तेथे वीतभर खणून ओल पाहा आणि ती ओल आणि पर्जन्यमापकाचा आकडा एकाच वहीत लिही. पहिले पान भरले की मला पाठव.