जुनी क्लासिक गाडी घेताना आधी पत्रा बघा

भाव चढतील म्हणून घाईने बयाणा देऊ नका. इंजिन जाणता मेकॅनिक बांधून देतो. खिसा रिकामा करतो तो गंजलेला पत्रा. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवर, चाकांच्या कमानींवर फिरवा. पकड ढिली पडली की रंगाखाली गंज-खड्डे झाकणारी पुट्टी आहे समजा (अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरच्या बॉडीला ही युक्ती चालत नाही). चासी आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून बघा. मूळ इंजिन नसेल तर किंमत पाडून मागा.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला लगेच स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, मुरू द्या, मग इंजिन हाताने फिरवा. जुनं पेट्रोल काढा, इंधनाच्या रबरी नळ्या बदलाच: इथेनॉलने जुनं रबर चिरतं आणि गळती गरम इंजिनावर होते. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, ते दर 2 वर्षांनी नवं भरा.