नव्या वर्गशिक्षिकेला चार गोष्टी

साताऱ्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये रुजू होतेस ना? मग आधी ऑफिसातल्या क्लार्क काकांशी ओळख वाढव. खरी शाळा तेच चालवतात. वर्गात कॅथलिक मुलं मोजकीच असतील. त्यांना धर्मशिक्षण असतं तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण. तो तास गणिताला पळवू नकोस, सिस्टरना खपत नाही. नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मुलांनाच करू दे, वाकडा झाला तरी.

आणि निकालाच्या फलकावरचे पहिले तीन नंबरच बघू नकोस. चित्रकलेच्या इंटरमिजिएट या सरकारी परीक्षेत अ श्रेणी असली की दहावीला 7 गुण वाढतात, ब असेल तर 5, क असेल तर 3. मात्र प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे वेळेत जायला हवा. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स नववीतच घेऊन ठेव. दहावीत पालक हमखास कपाटं उपसत बसतात.