पडवीतल्या सुतारकामाचा भुसा

पडवीत नव्याने सुतारकाम मांडताना यंत्रांच्या आधी भुशाचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. रंध्याच्या ढलप्या झाडूने निघतात. खरा धोका सँडरमधून, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रातून, उडणाऱ्या बारीक धुळीचा आहे, कारण १० मायक्रॉनहून लहान कण डोळ्यांना दिसत नाहीत, बराच वेळ हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे आत जातात. फणसाची पिवळी धूळ कितीही निर्मळ वाटली तरी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. म्हणून सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडावी आणि मध्ये झाकणबंद पिंपावर सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा वेगळा करणारे नरसाळे, बसवावा, म्हणजे जड भुसा पिंपातच पडतो व फिल्टर लवकर तुंबत नाही. एन-९५ मास्क तरीही लावावा आणि काम थांबताच काढू नये.

आपल्या किनाऱ्यावर खारी, दमट हवा भुशात मुरते. एका पावसाळ्यात करवतीच्या लोखंडी टेबलावर तो तसाच राहू दिल्याने मला गंजाचे खोल डाग पाहावे लागले, याची हळहळ अजून वाटते. तेव्हा रोज संध्याकाळी टेबल पुसून त्यावर मेण चोळावे. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र भुशाच्या पोत्यात कधीही टाकू नयेत, त्या आपोआप पेटू शकतात.